वरच्या मजल्यावर खोली मिळेल का?

सिडनीपासून तीनेक तासांवरच्या गुंगालिनला आम्ही घर घेतलं आणि त्याच वर्षी मला घरात बसवेनासं झालं. घर चांगलं होतं. मागे थोडं अंगण, लाइट रेलचा स्टॉप चालत जाण्याइतका जवळ, थंडीसाठी सगळ्या खोल्यांत हीटर. नवऱ्याला सरकारी खात्यात आयटीचं काँट्रॅक्ट, मुलगी हायस्कूलला. सगळं जागच्या जागी. मी मात्र रविवारी दुपारी ओटा पुसून झाला की गाडीच्या किल्ल्या शोधायला लागायची. फ्रिजमध्ये दूध असायचं, तरी दूध आणायला निघायची. दुकान मागे टाकून पुढे कुठेतरी जाऊन यायची.

माझ्या वडिलांची बँकेत बदलीची नोकरी होती. अकोला, सांगली, रत्नागिरी, मग पुणे. दर तीनेक वर्षांनी टेम्पो दारात उभा राहायचा आणि आई वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळायला बसायची. मला त्या टेम्पोचं फार आकर्षण होतं. गुंगालिनच्या घराच्या कर्जावर सही केली तेव्हा आता टेम्पो येणार नाही, एवढंच माझ्या मनात आलं. नवऱ्याला मात्र हे बोलले नाही.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे लोकांचे कान तपासते आणि लागली तर श्रवणयंत्रं बसवते. आमच्या क्लिनिकने लांबच्या गावांत महिन्याच्या महिन्याला जायला कोण तयार आहे असं विचारलं, तेव्हा पहिला हात माझा वर गेला. यास गावाच्या पुढे पश्चिमेला गव्हाचा पट्टा लागतो. पसरट शेतं, धान्याचे उंच सिमेंटचे सायलो आणि त्यांच्या पायथ्याशी एकेक गाव. तिथल्या आरोग्य केंद्रात एक खोली मिळायची. दिवसभर शेतकरी, ट्रकवाले, त्यांच्या कंटाळलेल्या बायका. ट्रॅक्टरवर जन्म काढलेली माणसं, कान गेलेले. मुक्काम एरवी मोटेलमध्ये असायचा. पण एकदा कापणीचा हंगाम होता, सगळी मोटेलं कापणीवाल्यांनी भरलेली. तेव्हा ऑफिसातल्या मुलीने कसनुसं होत सांगितलं, "फक्त पबच्या वर एक खोली मिळतेय. चालेल?"

इथे खेड्यातल्या पबलाच हॉटेल म्हणतात. पूर्वी दारू विकायचा परवाना हवा असेल तर प्रवाशाला खोली आणि जेवण द्यावंच लागायचं, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रत्येक गावात अशी दुमजली हॉटेलं उभी राहिली. खाली बार, वर खोल्या, रस्त्याच्या अंगाने लोखंडी जाळीची लांबलचक गॅलरी. नावंही ठरलेली, कमर्शियल, रॉयल, रेल्वे. कमर्शियल म्हणजे फिरत्या विक्रेत्यांचं. ते लोक ट्रेनने मोठमोठ्या पेट्या घेऊन यायचे आणि हॉटेलच्या खालच्या एका खोलीत लांब टेबलांवर आपला माल मांडून ठेवायचे. गावातले दुकानदार तिथे येऊन माल बघायचे. त्या खोलीला सॅम्पल रूम म्हणत.

मी गेले ते हॉटेल स्टेशनसमोर होतं. ट्रेन केव्हाच बंद झालेली, रुळांवर गवत. रुंद लाकडी जिना, मधोमध गालिचा झिजलेला. खोलीत एक पलंग, एक कपाट, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. बाथरूम पॅसेजच्या टोकाला, सगळ्यांची मिळून एक. गॅलरीत आले तर समोर सायलोच्या मागे सूर्य बुडत होता आणि गुलाबी काकाकुव्यांचा थवा तारांवर कलकलत होता. मी नवऱ्याला फोटो पाठवला. त्याचा उलटा प्रश्न आला, "दाराला आतून कडी आहे ना?"

कडी होती. आणि मला त्या रात्री कित्येक महिन्यांनी सलग झोप लागली. पुढच्या महिन्यात मोटेल रिकामं असूनही मी ऑफिसला सांगितलं, मला हॉटेलच चालेल.

आजोबा मला तिथेच भेटले. मी मनात त्यांना आजोबाच म्हणायची. ते वरच्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाच्या खोलीत राहायचे, कायमचे. वय ऐंशीच्या पुढे, उंच, वाकलेले, रोज गुळगुळीत दाढी केलेली. आधी रेल्वेच्या रुळांच्या दुरुस्तीवर होते, मग धान्याचे ट्रक चालवायचे. लग्न केलं नाही. आयुष्यात स्वतःचं घर असं कधीच नव्हतं, एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात. पहिल्या सकाळी वरच्या छोट्या किचनमध्ये मी त्यांना गुड मॉर्निंग म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे पाव सरकवला. दुसऱ्यांदा म्हटलं, तर बटर. मग माझ्या लक्षात आलं.

"मी कान तपासते," मी जवळ जाऊन मोठ्याने सांगितलं. "आरोग्य केंद्रात या ना. फार वेळ लागत नाही."

"मला जेवढं ऐकायचंय तेवढं ऐकू येतं, डॉक," ते म्हणाले.

मी डॉक्टर नाही हे सांगून झालं, पण डॉक ते डॉकच. दर महिन्याला माझी फेरी असायची. कामावरून आले की आम्ही दोघं गॅलरीत बसायचो. ते बोलायचे, मी ऐकायची. मी काही बोलले तरी त्यांना कळायचं नाही, याचीही मजा होती. घरी मी एवढी स्वस्थ कधी बसत नव्हते. पण तिथेही नजर रस्त्यावरच. एखादा ट्रक गेला की आम्ही दोघंही तो दिसेनासा होईपर्यंत बघायचो.

मग एका फेरीला हॉटेल चालवणाऱ्या बाईने मला बारमध्येच गाठलं. तिला आणि तिच्या नवऱ्याला आता झेपत नव्हतं. हॉटेल विकलं होतं. नवे मालक वरच्या मजल्याचं सगळं पाडून चार मोठ्या आलिशान खोल्या करणार होते, शहरातल्या लोकांसाठी.

"आणि ते?" मी वर बोट दाखवलं.

"हॉस्पिटलची समाजसेविका येऊन गेली. मोठ्या गावात वृद्धाश्रमात जागा आहे. त्यांनी तिला जिन्यावरूनच परत पाठवलं." ती ग्लास पुसत राहिली. "तू बोलून बघ. तुझं ऐकतील."

"ते कुणाचंच ऐकत नाहीत," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो. पण तिचे डोळे भरले होते. अकरा वर्षं तिने त्यांचे कपडे धुतले होते.

मी वर गेले. आजोबा गॅलरीत उभे होते. मी कानाशी जाऊन विचारलं, "आता काय करणार?"

"दुसरं हॉटेल बघायचं. आणखी काय?"

"कुठलं?"

"इतकी हॉटेलं आहेत, डॉक. मिळेल वरच्या मजल्यावर एखादी खोली." पण त्यांना गाडी चालवायला बंदी होऊन बराच काळ झाला होता आणि बस आठवड्यातून दोनदाच यायची. मी काही विचार न करता म्हणाले, "शुक्रवारी दुपारी माझं काम आटपतं. मी नेते."

नवऱ्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे शुक्रवारीही तू येत नाहीस."

"एका म्हाताऱ्या माणसाचा प्रश्न आहे रे."

"हो, ते कळलं," तो म्हणाला. "तुला जायचंच असतं, त्याला आता कारणही मिळालं." तो चिडला नव्हता. तेच मला जास्त लागलं.

शुक्रवारी आजोबा टाय लावून, हॅट घालून खाली आले. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर थांबत होते. वरच्या मजल्यावरची खोली शोधायला निघालेला माणूस वरच्या मजल्यावर चढू शकत नाही, हे मला तेव्हा दिसलं आणि मी गाडीचं दार उघडून धरलं.

पहिल्या गावातल्या हॉटेलच्या जिन्यावर प्लायवूड ठोकलेलं होतं. बारवाल्याने सांगितलं, वर आता फक्त कबुतरं राहतात. दुसऱ्या गावात नव्याने रंगवलेलं हॉटेल होतं. मॅनेजर एक हसतमुख तरुणी. तिने कौतुकाने आम्हाला वरची एक खोली दाखवली. खोलीच्या मधोमध, पलंगासमोर, पांढरा पंजेवाला बाथटब. आजोबांनी त्याच्या काठावर हात फिरवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "यात बसून कुणाकडे बघायचं?" ती मुलगी बिचारी खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीबद्दल सांगायला लागली. तिथे फक्त वीकेंडला, तेही दोन रात्रींसाठी खोली मिळायची.

तिसऱ्या ठिकाणी खोल्या होत्या, पण एकेका खोलीत तीन तीन बंक, एकावर एक पलंग. सायलोवर काम करायला आलेली परदेशी मुलं, पॅसेजभर बूट आणि ओले टॉवेल. मालक भला होता. तो म्हणाला, "खालचा बंक देतो, मेट." आजोबांनी त्याचा हात हातात घेऊन आभार मानले आणि आम्ही बाहेर पडलो.

गाडीत ते हॅट मांडीवर घेऊन बाहेर बघत बसले. मी उगाच वेगात चालवत होते. मोहरीची शेतं पिवळीधमक झालेली होती, इतकी की डोळे दुखावेत. मग ते एकदम म्हणाले, "पुढच्या फाट्याला डावीकडे घे."

"तिकडे काय आहे?"

त्यांनी ऐकलं नाही. किंवा ऐकलं आणि उत्तर वेगळंच दिलं. म्हणाले, "माझी आई हॉटेलात खोल्या आवरायची."

मग रस्ताभर ते सांगत राहिले. आई सोळाव्या वर्षी त्या हॉटेलात कामाला लागली. चादरी, बेसिनं, बूट पॉलिश, सगळं. तिथे बटणं, दोरे, लेस विकणारा एक फिरता विक्रेता दर सहा आठवड्यांनी ट्रेनने यायचा. प्रत्येक वेळी तीच खोली घ्यायचा. त्याचं आपल्यावर मन बसलंय, असं आईला वाटायला लागलं. तो लग्नाचंही बोलला होता. मूल होणार हे कळल्यावर तो आणखी एकदा आला, सॅम्पल रूममध्ये माल मांडला, दुकानदारांशी हसत बोलला, आणि त्यानंतर त्याच्या जागी कंपनीचा दुसराच माणूस यायला लागला. हॉटेलच्या मालकिणीने आईला काढून टाकलं नाही, हेच त्या काळात खूप होतं. किचनच्या मागच्या खोलीत आजोबा जन्मले.

"ती दुसरीकडे का नाही गेली?" मी ओरडून विचारलं.

"तो आला आणि ती नसली तर?" ते म्हणाले. "ती वीस वर्षं तिथेच होती. मग तिथेच वारली."

त्यांची आई कामाला होती ते हॉटेल गावाच्या कोपऱ्यावर उभं होतं, गॅलरीचा रंग उडालेला. दारावर बिर्याणी आणि पबमधल्या नेहमीच्या स्निट्झेलचे दर एकाच पाटीवर. आत काउंटरमागे पंजाबी ड्रेसमधली माझ्याच वयाची बाई. मला बघून तिचा चेहरा खुलला. तिने आणि तिच्या नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी हे हॉटेल चालवायला घेतलं होतं. त्याआधी सिडनीत पेंडल हिलला एका दुकानात दोघं काम करायची. मी तिला सगळं सांगितलं.

"दीदी, ऊपर तो नहीं दे सकते," ती म्हणाली. "फायरवाल्यांनी बंद करायला लावलंय. पण खाली एक मोठा हॉल पडून आहे. आम्ही त्यात मोडक्या खुर्च्या ठेवतो. साफ करून देते."

ती आम्हाला बारच्या मागे घेऊन गेली. उंच छत, बाजूच्या गल्लीत उघडणारं स्वतंत्र दार, भिंतीला लागून लांब लाकडी फळ्या. आजोबा उंबऱ्यावरच थांबले. त्यांनी हॅट काढली आणि पुन्हा घातली.

"इथे नाही," ते म्हणाले. "या खोलीत नाही."

मला एव्हाना कळलं होतं, ही तीच सॅम्पल रूम. मी माफी मागत त्या बाईकडे बघितलं. पण आजोबा आपणहून वळून किचनकडे चालायला लागले होते, सरळ, न अडखळता. किचनच्या मागे एक अरुंद खोली होती. एक खिडकी, तीही कोळशाच्या जुन्या शेडकडे उघडणारी. आत तांदळाच्या गोणी आणि तेलाचे डबे. "ही," ते म्हणाले.

"अंकल, ही तर कोठी आहे," ती बाई म्हणाली.

"ही चालेल."

तिच्या नवऱ्याने दोन आठवड्यांत ती खोली रंगवून घेतली. मी माझ्या गाडीतून आजोबांचं सामान नेलं, दोन सुटकेसेस आणि एक रेडिओ. फार समाधान वाटलं मला. घरी येऊन मी नवऱ्याला आणि मुलीला जेवताना सगळी गोष्ट सांगितली. मुलगी म्हणाली, "That's actually so sweet, Mum." मलाही तसंच वाटत होतं.

माझ्या फेरीत ते गाव नव्हतं, पण मी वळसा घालून जायला लागले. ती बाई त्यांना दाल-भात द्यायची, ते तो केचप घालून खायचे. तिला एकच तक्रार होती, हाक ऐकू येत नाही, आग लागली तरी कळणार नाही. तिने हट्टच धरला. तेव्हा कुठे आजोबांनी मला कान तपासू दिले. पुढच्या फेरीला मी यंत्रं घेऊन गेले, त्या खोलीतच बसवली, आवाज जुळवला. मी दार उघडं ठेवलं होतं. किचनमधून ताटांचा खणखणाट आला, एक्झॉस्टची घरघर, बारमधून पुरुषांचं मोठ्याने हसणं, आणि कुणीतरी ऑर्डरसाठी घंटी वाजवली.

आजोबा पलंगाच्या कडेला बसले होते. ते हलले नाहीत.

"खूप मोठा आहे का आवाज? कमी करू?" मी नेहमीच्या आवाजात विचारलं. आमच्या ओळखीत मी पहिल्यांदाच ओरडत नव्हते.

"नको," ते म्हणाले. "असू दे."

त्याच्या पुढच्या महिन्यात मी गेले तर खोलीत परत तांदळाच्या गोणी. ती बाई बाहेर आली, माझा हात धरून म्हणाली, "दीदी, अंकल गए. बसने. मी खूप समजावलं. माझ्या हातचं जेवण आवडलं नाही का, विचारलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले."

मला राग आला. एवढी खटपट केली, रंग लावला, वळसे घातले, आणि या माणसाने एक फोनही करू नये? मी गाडीत बसून एकामागून एक हॉटेलांना फोन लावायला लागले. सापडले ते नदीकाठच्या एका गावात. तिथे जायला सबंध दुपार गेली. त्या दिवशी मुलीच्या शाळेत कार्यक्रम होता, मी येते म्हणाले होते. नवऱ्याला मेसेज केला. त्याने नुसतं "ओके" लिहिलं.

आजोबा हॉटेलच्या खालच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. कानात यंत्रं होती. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"का गेलात?" मी उभ्यानेच विचारलं. "ते लोक किती चांगले होते तुमच्याशी."

"हो. फार चांगले."

"मग?"

त्यांनी बाकावर जागा करून दिली. मी बसले नाही.

"तू ती यंत्रं बसवलीस ना, डॉक, तेव्हा मला कळलं माझ्या आईला दिवसभर काय ऐकू येत होतं," ते म्हणाले. "मी लहान होतो, माझं लक्ष नव्हतं. सकाळपासून घंटी, ताटं, आणि भिंतीपलीकडे हसणारे ते लोक. प्रत्येक वेळी बाहेरचं दार वाजलं की तिने मान वर केली असणार. वीस वर्षं." ते थांबले. "मला वाटलं होतं तिथे परत गेलं की बरं वाटेल. नाही वाटलं. तिला जाता येत नव्हतं, मला येतं. म्हणून मी निघालो."

मी बसले मग. नदी फुगलेली होती, गढूळ, झाडांच्या बुंध्यांपर्यंत. ते म्हणाले इथली खोली लहान आहे, खालीच आहे, गरम पाणी येतं. पुढे समुद्राकडे जायचा विचार आहे. मी म्हटलं, या वयात? ते म्हणाले, मग कुठल्या वयात?

परतताना यासला पेट्रोल भरलं आणि तिथूनच, पंपाच्या कडेला गाडी लावून नवऱ्याला फोन केला. कार्यक्रम कसा झाला विचारलं. तो म्हणाला, छान झाला, तिने तुझ्यासाठी व्हिडिओ करून ठेवलाय. मग मी एकदम बोलून टाकलं.

"मला त्या घरात बसवत नाही रे. तुम्ही दोघं हवे आहात. ते घर नको वाटतं. घेतल्या दिवसापासून."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"मला वाटायचं तुला मी नकोय," तो म्हणाला. "ते विचारायला घाबरत होतो." मग म्हणाला, "नुसतं घरच आहे होय. मग ये आधी. जेवायचे थांबलोय."

लगेच काही झालं नाही. मुलीची शाळा होती. मी फेऱ्या करत राहिले, पण दुप्पट वळसे घालणं बंद केलं आणि शाळेचे कार्यक्रम चुकवले नाहीत. घरात येरझाऱ्या मारायचीच, फक्त आता नवरा विचारायचा, "चल, जाऊन येऊ या कुठेतरी?" आणि खरंच गाडी काढायचा. मुक्काम पडला की तो हॉटेलातल्या पलंगांना, पॅसेजमधल्या बाथरूमला, सकाळच्या पांढऱ्या पावाला, सगळ्याला नावं ठेवायचा.

मुलगी सिडनीला युनिव्हर्सिटीत गेली, तिथल्याच गिरावीनला आमच्या मित्रांच्या घरी एक खोली घेऊन राहते. त्यानंतर आम्ही गुंगालिनचं घर भाड्याने दिलं. आता गेल्या हिवाळ्यापासून गव्हाच्या पट्ट्यातच एका गावात, भाड्याच्या जुन्या घरात आहोत. नवरा किचनच्या टेबलावरून काम करतो आणि इंटरनेटला शिव्या देतो. मुलगी फोनवर म्हणते, "You guys are so weird." भिंतीवर अजून काही टांगलेलं नाही.

आजोबा समुद्राकडे पोचले. मध्यंतरी तिथल्या हॉटेलवरून त्यांचा फोन आला होता, यंत्राच्या बॅटरी कुठे मिळतील विचारायला. मी सांगितलं. मग विचारलं, तिथे किती दिवस आहात? ते म्हणाले, बघू. मागे गोंगाट होता, कुणीतरी त्यांना हाक मारली आणि त्यांनी ती ऐकून फोन ठेवला.

या महिन्याअखेरीला घराचा करार संपतो. आणखी वर्षभर घर हवंय का, असं घरमालकाने विचारलंय. नवरा म्हणतो, त्याला इथे आवडायला लागलंय, मागच्या अंगणात लिंबाचं झाड आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. आज सकाळी कामावर जाताना गावाबाहेरच्या फाट्यावर मी थोडा वेळ गाडी थांबवली होती. मग आरोग्य केंद्राकडे वळवली, कारण पहिला पेशंट येऊन बसला असणार.